चार क्विंटल कौतुक

कोल्हापुरात फुटबॉलपटूंना पगार कौतुकात मिळतो आणि कोणत्याही तालमीला आपल्या संघाचं एका हंगामात चार क्विंटलपेक्षा जास्त कौतुक करता येत नाही. ही मर्यादा पेठ फुटबॉल मंडळाने घातली. त्याआधी एका तालमीने एका रविवारी आपल्या गोलरक्षकावर नऊ क्विंटल ओतलं होतं आणि तो बिचारा आठ दिवस अंथरुणातून उठला नव्हता.

चिंचखांब तालमीचा काटा तालमीच्या दारावरच्या लोखंडी कडीला टांगलेला आहे. मंडईत असतो तसाच, फक्त तबकडी ताटाएवढी आणि वर मंडळाचं शिशाचं सील. पेठेच्या हद्दीत कुणी आपल्या खेळाडूबद्दल चांगलं बोललं की काटा पुढे सरकतो. ‘बरा खेळला’ याचे पन्नास ग्रॅम होतात, ‘नाद खुळा’चा सव्वा किलो. शिवीला वजन नाही. खेळाडूच्या आईने केलेल्या कौतुकालाही नाही. प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड काट्यामागच्या खणात असतं, त्यावर आईचं नाव असतं आणि काटा ते नाव ओळखतो. मावशी, आत्या, सासू यांचं मात्र मोजलं जातं. त्यावरून पेठेत दोन सोयरिकी मोडल्या, पण नियम तो नियम.

तालमीचे सेक्रेटरी गजानन वडणगेकर. पेंडीचं दुकान, दारात तीन म्हशी, वय चौसष्ट. सगळी पेठ त्यांना मामा म्हणते. एकतीस वर्षं त्यांनी तालीम सांभाळली आणि त्यांचं सगळं आयुष्य एका वाक्यात सांगायचं तर त्यांनी इर्शाद मुजावर घडवला. इर्शाद आठ वर्षांचा असताना त्याची आई गेली. बाप ट्रकवर, महिन्यातले पंचवीस दिवस बाहेर. मामांनी पोराला उचलून तालमीत आणलं, म्हशीखालचं दूध पाजलं आणि पायात बूट घातले. तोच इर्शाद पुढे अठरा हंगाम चिंचखांबकडून खेळला, त्यातले बारा कर्णधार म्हणून.

“माझा इर्शाद चेंडू मारत न्हाई,” मामा सांगायचे, “चेंडूला पत्ता सांगतोय.” यालाच दोन किलो लागायचे, आणि मामा हे दिवसातून एकदा तरी सांगायचेच.

आता इर्शाद सदतीस वर्षांचा झाला होता. दिवसा उद्यमनगरच्या कारखान्यात लेथ मशीनवर उभा, संध्याकाळी सरावाला. उजव्या गुडघ्याला पट्टा. आणि चारशे किलोंपैकी तीनशे दहा किलो कौतुक अजून त्याच्याच वाट्याला जात होतं. उरलेल्या नव्वदात पंधरा जणांनी भागवायचं! गोलरक्षक भोपळे कंटाळून तेलवेस तालमीकडे गेला, तिथे त्याला एकट्याला चाळीस किलो बोलले. डावीकडून पळणारा संग्राम सासने तेवीस वर्षांचा, वाऱ्यासारखा. डिसेंबरात त्याने दोन गोल मारले. चौकात लोक “बरं झालं” म्हणाले आणि पुन्हा इर्शादच्या गुडघ्याकडे वळले. जानेवारीपर्यंत संग्रामच्या पोटऱ्या उतरल्या. मंडळाच्या डॉक्टरांनी तपासून कागदावर लिहून दिलं की खेळाडूला दिवाळीपासून पुरेसं कौतुक मिळालेलं नाही.

संघ शेवटून दुसरा होता. शेवटचा ब गटात जातो. बहात्तर वर्षांत चिंचखांब ब गटात गेलेली नव्हती आणि ते नुसतं बोलून दाखवायचीही पेठेत कुणाची छाती नव्हती.

फेब्रुवारीत मामा भाचीच्या लग्नाला चार दिवस निपाणीला गेले. त्या चार दिवसांत काटा जेमतेम एक किलो सरकला. मामा परतले, चौकात एक चहा घेतला आणि काटा सात किलोंनी पुढे गेला.

हे तालमीचे अध्यक्ष तात्या अथणे यांनी बघितलं. तात्या अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, कधीकाळी अनवाणी गोलात उभे राहिलेले. त्यांनी कार्यकारिणीची बैठक बोलावली.

“विषय एकच,” तात्या म्हणाले. “संघ नवा कधी बांधायचा? माझं मत, जुना अजून बरा दिसतोय तवाच. पडल्यावर बांधायला घेतला तर राडारोडा उचलण्यातच दोन हंगाम जात्यात.”

“म्हणजे इर्शादला काढायचा?” मामांचा आवाज चढला. “तात्या, जिभेला हाड हाय का तुमच्या?”

“नुसतं काढून भागत न्हाई, हीच तर अडचण हाय. गेलेल्या खेळाडूचं कौतुकबी आपल्याच काट्यावर पडतंय. त्यो घरात बसणार आणि तुझं तोंड चालूच ऱ्हाणार. मग नव्या पोरांना द्यायचं काय, डोंबल? तुझ्या निपाणीच्या चार दिवसांवरनं मी अदमास काढलाय. इर्शादच्या तीनशे दहातलं दोनशे पाच किलो तुझ्या एकट्याचं हाय, गजा.”

मामांनी मान खाली घालायला हवी होती. पण त्यांनी सदरा सारखा केला आणि एकेकाच्या तोंडाकडे बघितलं.

“किती म्हणालासा?”

“दोनशे पाच.”

“एकट्याचं?”

“एकट्याचं.”

मामांनी तो आकडा तिसऱ्यांदाही वदवून घेतला. तेवढ्यात इर्शाद आत आला. तो दारात उभा राहून सगळं ऐकत होता.

“मामा, ह्या हंगामानंतर मी थांबतो,” तो म्हणाला. “संग्राम चांगला हाय. उपाशी मारू नका त्याला. मी असलो की लोकांना दुसरं कुणी दिसत न्हाई, तुम्हाला तर न्हाईच न्हाई.”

“कुणी शिकवलं तुला हे?”

“तुम्हीच. चेंडू पायात लई वेळ ठेवायचा न्हाई म्हणून.”

इर्शादच्या ‘चांगला हाय’ने दारावरचा काटा पन्नास ग्रॅम सरकला, संग्रामच्या नावावर. इर्शाद थांबणार असं ठरलं आणि तसं टिपणात लिहिलं गेलं. त्या दिवसापासून मामांनी इर्शादबद्दल बोलायचं बंद केलं. दुकानात गिऱ्हाईक आलं की ते पेंडीवर बोलत, हवेवर बोलत, म्हशीच्या खुरांवर बोलत. पंधरा दिवसांत त्यांचा सदरा अंगात ढगळ झाला. पण वाचलेल्या वजनातून संग्रामला वीस किलो मिळाले, त्याच्या पोटऱ्या भरल्या आणि शेवटच्या सामन्यात तेलवेसविरुद्ध त्याने ऐंशीव्या मिनिटाला बरोबरी साधली. भोपळे झेपावला, पण चेंडू त्याच्या बोटांवरून गेला. चिंचखांब अ गटात राहिली.

काटा तीनशे शहाण्णववर थांबला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता हंगामाचं शेवटचं वजन घ्यायचं होतं. चारशेच्या वर काटा गेला तर तीन गुण कापले जाणार, आणि तीन गुण गेले की ब गट.

आणि त्याच दिवशी इर्शादचा निरोप समारंभ. सहानंतर घ्यावा तर नव्या हंगामाच्या वजनातून जाणार. घेऊच नये तर कोल्हापुरात सत्काराशिवाय माणूस दुकानसुद्धा बंद करत नाही. मग तात्यांनी तोडगा काढला. शिवीला वजन नाही, तेव्हा सगळ्यांनी शिव्याच घालायच्या. चार किलो फक्त चुकूनमाकून निसटेल त्यासाठी.

पेठेने जीव ओतून तयारी केली. चौकात वीस फुटी फ्लेक्स लागला. त्यावर इर्शादचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत, ‘अत्यंत सामान्य खेळाडू इर्शाद मुजावर यांना निरोप. शुभेच्छुक : समस्त चिंचखांब.’ स्टेजवर इर्शाद भगवा फेटा बांधून बसला. एका बाजूला, तालमीच्या दारात, काट्यापाशी मंडळाचे कौतुक निरीक्षक पाटगावकर खुर्ची टाकून बसले. हा माणूस इतका निःपक्षपाती, की घरच्या आमटीला चांगलं म्हणायचं असेल तर रजा काढून बायकोला हद्दीबाहेर गगनबावड्याला घेऊन जायचा आणि तिथे म्हणायचा.

पहिला बोलला संग्राम. “ह्यानं मला तीन वर्षं नुसता पळवला. पाणीसुद्धा पिऊ दिलं न्हाई. लई खडूस!” टाळ्यांचा कडकडाट झाला. काटा हलला नाही. मग मिसळवाले भोसले म्हणाले, की इर्शादने अठरा वर्षांत एकदाही पेनल्टी वर बघून मारली नाही, माजलेला माणूस. हॉटेलातले, गॅरेजमधले, वरच्या आळीतल्या बायका, सगळे एकेक करून आले आणि तोंडाला येईल ते बोलून गेले. न्हाव्याच्या दुकानातला सुरेश “बैलासारखा राबला” असं बोलून बसला, त्याचे दोनशे ग्रॅम लागले आणि लोकांनी त्याला ओढून खाली बसवलं. प्रत्येक शिवीगणिक इर्शादची छाती पुढे येत होती. परक्या माणसाला एवढ्या शिव्या कोण घालतं?

मामा मागे पिंपळाखाली उभे होते. स्टेजवर जायचं नाही असं त्यांचं ठरलं होतं. पण इर्शादने माइक घेतला आणि म्हणाला, “मामांनी शिवी दिल्याशिवाय मी फेटा उतरवणार न्हाई.”

मामा चढले. खिशातून कागद काढला. रात्री जागून लिहिलेला.

“इर्शाद मुजावर,” त्यांनी वाचलं, “हा माणूस कधी वेळेवर आला न्हाई.”

काटा स्थिर. तात्यांनी सुस्कारा सोडला.

“सहाला ये म्हटलं की हा साडेपाचलाच येऊन दारात बसायचा.”

काटा अर्धा किलो पुढे.

“ऐकायचा न्हाई. अजिबात न्हाई. अंगात ताप, डॉक्टरनं झोपवून ठेवलेलं, आणि हा गाढव खिडकीतनं उडी मारून मैदानावर. तीन गोल. तीन!”

तीनशे अठ्ठ्याण्णव.

“गजा, कागद वाच!” तात्या ओरडले. पण कागद मामांच्या हातातून खाली पडला होता.

“ह्याच्यासारखा—” मामा म्हणाले, आणि काटा तीनशे नव्याण्णववर गेला. सगळा चौक तबकडीकडे बघत होता. मामांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. डोळ्यांतून पाणी चाललेलं, पण तोंडावरचे हात काही काढेनात. सहाला दहा मिनिटं कमी होती.

इर्शाद उठला आणि पाटगावकरांच्या समोर जाऊन उभा राहिला.

“साहेब, माझं कार्ड काढा.”

पाटगावकरांनी काट्यामागचा खण उघडला, कार्ड काढलं, चष्मा लावला. “आईचं नाव, रिकामं. अठरा वर्षं हा रकाना रिकामा आहे. मी तीनदा पत्रं पाठवली.”

“हयात आईचंच नाव चालतं म्हणून माझ्या अम्मीचं लिहिता आलं न्हाई. आता लिहा. गजानन शंकर वडणगेकर.”

चौकात कुणी हसलं नाही. पाटगावकरांनी पेन उघडलं. “काही प्रश्न विचारावे लागतील. लहानपणी दूध कोणी पाजलं?”

“मामांनी. म्हशीचं.”

“आजारपणात उशाशी कोण बसलं?”

“मामा.”

“प्रगतिपुस्तकावर सही?”

“मामांची.”

“मारलं कोणी?”

“त्यांनीच. पायताणानं. आणि मग स्वतःच जेवले न्हाईत.”

“पुरेसं आहे,” पाटगावकर म्हणाले. त्यांनी नाव लिहिलं, शिक्का मारला, कार्ड खणात सरकवलं. “आधीचं वजन परत मिळणार नाही. इथून पुढचं धरलं जाणार नाही. बोला, वडणगेकर.”

मामांनी हात खाली घेतले. एकदा काट्याकडे बघितलं. मग हळूच, घाबरत म्हणाले, “ह्याच्यासारखा खेळाडू ह्या मातीत झाला न्हाई.”

काटा जागचा हलला नाही.

मग मामा जे सुटले ते सुटलेच. पहिला गोल, चिखलातली फायनल, फाटक्या बुटाने मारलेला कॉर्नर, गाडीभाड्याला पैसे नव्हते म्हणून सांगलीहून अर्धी वाट चालत आलेला संघ आणि सगळ्यांच्या पिशव्या खांद्यावर घेतलेला इर्शाद. सहा वाजले. पाटगावकरांनी वजन लिहून घेतलं, सही केली, आणि छत्री काखेत धरून तिथेच उभे राहून ऐकत राहिले. मामा एक तास चाळीस मिनिटं बोलले. आता नव्या हंगामाचं वजन चालू झालेलं, पेठेतल्या बाकी कुणालाच कौतुक करता येत नव्हतं, म्हणून सगळे नुसत्या टाळ्या वाजवत होते. टाळ्यांना वजन नाही.

शेवटी तात्यांनी इर्शादला बाजूला घेतलं. “दोनशे पाच किलो मोकळं झालं की रे. आणखी एक हंगाम खेळतोस का?”

“काटा मोकळा झाला म्हणून गुडघा मोकळा होत न्हाई, तात्या,” इर्शाद म्हणाला. “संग्रामला द्या.”

पुढच्या हंगामात संग्रामला ऐंशी किलो मिळाले, नव्या गोलरक्षकाला साठ, आणि बाकीच्या पोरांना प्रत्येकी वीसच्या घरात. पहिले दोन सामने चिंचखांब हरली, तिसरा पाच गोलांनी जिंकली.

जानेवारीत तालमीत संक्रांतीचं हळदीकुंकू झालं, खेळाडूंच्या आयांसाठी, दरवर्षी असतं तसं. मामांना रीतसर निमंत्रण आलं. ते धुतलेला सदरा घालून गेले आणि सतरंजीवर ओळीत बसले. संग्रामच्या आईने, शोभाताईंनी, त्यांना कुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला आणि वाण म्हणून चहाची गाळणी दिली. मामांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

“आमच्या संग्रामनं परवा दोन मारले,” शोभाताई शेजारी टेकत म्हणाल्या. “तुमचा कसा हाय?”

“माझा व्हय?” मामा म्हणाले, आणि नीट मांडी घालून बसले.