गाड्यांची खोली

तुमच्या घरी नव्या चपला आल्या, की दुसऱ्या दिवशी बाळाराम म्हात्रे बघायला यायचा. चपलांकडे त्याचं लक्षही नसायचं. खोक्यात हात घालून ओल शोषणारी ती पांढरी पुडी काढायची, कानाशी हलवून बघायची आणि खिशात टाकायची. एका लग्नात त्याने नवरीच्या नव्या पर्समधूनही पुडी काढली. नवरीला वाटलं, काका आहेर ठेवतायत.

या पुड्या तो खातो अशी गावात बोलवा होती. खरं कारण त्याहून वाईट होतं. बाळारामकडे बोटाएवढ्या, धातूच्या दोनशे खेळण्यातल्या मोटारी होत्या, सगळ्या कारखान्यातून निघाल्या तशा पाकिटात. एकही उघडलेली नाही. आमच्या उरणकडची हवा खारी, सायकलची साखळी इथे एका पावसाळ्यात जाते. हा माणूस मिठागरात वाढलेला. मीठ धातूचं काय करतं हे तो मला तास तास समजावायचा. मी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं याचं त्याला काही नव्हतं.

म्हणून पुड्या गाड्यांच्या कपाटाभोवती आणि घरातली सगळ्यांत चांगली खोली गाड्यांना. घरातला एकुलता एक एसीही तिथेच. नवरा-बायको बाहेर, ओल आलेल्या भिंतीला पाठ लावून, पंख्याखाली.

"फुडच्या जन्मी मी टरक व्हनार," यमुनावैनी म्हणायच्या. "थंडाव्यात तरी निजंन."

बाळारामने सगळी नोकरी बंदराजवळच्या गोदामांत कंटेनरमध्ये माल बांधण्यात काढली. गाड्यांचं ते कपाटही त्याने तसंच, रुंद पट्ट्याने खिडकीच्या गजांना करकचून आवळलं होतं.

"अरे, हे घर आहे, बोट नाही," मी एकदा म्हणालो.

"मास्तर, माल हलला म्हंजे माल गेला."

हे त्याचं एकमेव तत्त्वज्ञान. कुणाच्या मुलाने नोकरी बदलली तरी हेच, गणपतीची मूर्ती पाटावरून जरा सरकवली तरी हेच.

कपाटाला कुलूप नव्हतं, कंटेनरला असतं तसलं सील होतं. उघडायचं तर मोठ्या कटरने तोडायचं आणि नंतर नवं ठोकायचं. सील वाया जाऊ नये म्हणून तो कपाट उघडायचाच नाही. मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा त्याने त्यांना पोहे थंड होईपर्यंत बंद कपाटासमोर उभं केलं आणि आत कोणत्या खणात कोणत्या रंगाची गाडी आहे ते सांगितलं. पाहुण्यांनी सीलचं कौतुक केलं. लग्न जमलं, यात बाळारामचा काही हात नव्हता.

गेल्या महिन्यात वैनींना दम लागायला लागला. आठवडाभर दवाखान्यात होत्या. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, ओल नको, धूळ नको, कोरड्या बंद खोलीत ठेवा. तशी खोली घरात एकच होती, कपाट आणि खाट दोन्ही मावणार नाहीत एवढी, आणि तिथे कोण राहतं हे गावाला माहीत होतं. मी चारचौघांत बोललो, की आता बाळाराम बायकोला मुलीकडे पाठवील, पण गाड्या हलवणार नाही. त्याच्या तोंडावर बोलायचं वाक्यही तयार करून दुपारी त्याच्याकडे गेलो.

कपाट मागच्या पडवीत होतं. पट्टा नाही, सील तोडलेलं, खाडीचा वारा थेट दारांवर. बाळाराम एकटाच ओढत घेऊन आला असावा, फरशीवर चरे पडले होते.

"गंजतील रे," मी म्हणालो. तयार करून आणलेलं वाक्य हे नव्हतं.

"गंजूं देत. तिचा दम वर चढतो तवा मना काय सुचत न्हाय, मास्तर. हात-पाय गार पडतात माझं."

गाड्यांच्या खोलीत वैनी उशांना टेकून बसल्या होत्या. मांडीवर गोधडी, गोधडीवर एक लाल मोटार. त्या ती बोटाने गुडघ्यापर्यंत चढवत होत्या आणि तेवढ्यानेही थांबून श्वास घेत होत्या. खाटेखाली फाडलेली तीन पाकिटं पडली होती.

"इतकी वरसं घरात हायेत," वैनी म्हणाल्या, "हातात आत्ता कुठं घेतल्यात."

बाळाराम मला बाहेर घेऊन आला आणि हळू आवाजात म्हणाला, "रोज एक फोडतो. दुसऱ्या दिवशी कंची काढू, तिलाच इचारतो. रंग सांगून ठेवते. म्हंजे उद्याची वाट बघते ना ती." मग त्याने माझा दंड धरला. "दोनशे हायेत, मास्तर. दोनशे दिसांत उठंल ना?"

मी हो म्हणालो. घरी येताना मला पहिल्यांदाच वाटलं, या माणसाने अजून गाड्या घेऊन ठेवायला हव्या होत्या.