सिंहाच्या आतड्यातला येसबा

एका जंगलात, बाळांनो, एक सिंह होता आणि त्या सिंहाच्या पोटात येसबा होता. घाबरू नका, सिंहाने त्याला खाल्लं नव्हतं. येसबा म्हणजे रक्तातली एक पेशी, डोळ्यांना न दिसणारा शिपाई. रोगजंतू आले की लढायचं, एवढीच त्याची नोकरी.

सिंह जंगलाचा राजा, पण महाराजांना शिकारीचा कंटाळा. एकदा त्यांनी चार दिवसांचं शिळं हरीण खाल्लं. जंतू आतड्यात उतरले. महाराज झुडपामागे जात, येत, पुन्हा जात. दरबारी मंडळी नाक दाबून जयजयकार करत राहिली.

आतड्याजवळच्या एका गाठीत म्हातारा हवालदार शिपाई तयार करी. त्याने येसबाला जंतूचा तुकडा दाखवला आणि त्याच्या अंगावर पत्ता गोंदला.

"रक्तातून कुठेही वाहत गेलास तरी आतड्यातच उतरायचं."

"हृदयात जागा नाही का?" येसबाने विचारलं.

"तिथे जायला सगळेच तयार असतात. जंतू इथून येतात."

लढाई सहा दिवस चालली. येसबाचे बहुतेक सोबती मेले, पण जंतू हटले. हवालदार उरलेल्यांना म्हणाला, "आता इथेच राहा. जंतूचं तोंड विसरू नका." येसबा आतड्याच्या भिंतीत, घाणीच्या शेजारी राहिला.

सातव्या दिवशी मायाजी नावाच्या कोल्ह्याने महाराजांच्या शेपटीला मोराचं पीस बांधलं. महाराज उठून बसले. मायाजी राजवैद्य झाला.

दोन महिन्यांनी महाराजांनी पुन्हा शिळं खाल्लं. तेच जंतू आले. मागे नुसत्या तयारीत चार दिवस गेले होते. या खेपेला येसबाने त्यांना पाहताक्षणी ओळखलं आणि दुपारच्या आत संपवलं. महाराजांना साधी ढेकरही आली नाही.

"शिळं पचतं की आम्हाला," महाराज म्हणाले.

"पिसाचा प्रताप," मायाजी म्हणाला.

लगेच हुकूम निघाला. सगळ्या मांसाहारी प्रजेने पीस बांधावं आणि शिळं खावं.

आठवड्याने एक लांडगीण दरबारात आली. तिच्या पिल्लाच्या पोटात शिपाई होते, पण त्यांनी हा जंतू कधी पाहिलेलाच नव्हता.

"पीस बांधलं होतं," ती म्हणाली. "पोर गेलं माझं."

"उलटं बांधलं असणार," मायाजी म्हणाला. महाराजांनी मान डोलावली. लांडगिणीवर हुकूम नीट न पाळल्याचा ठपका आला.

आतड्याच्या भिंतीत येसबाला हे सगळं ऐकू आलं. आपण एवढं चोख काम केलं नसतं, महाराजांना थोडं कळवळू दिलं असतं, तर ते पिल्लू वाचलं असतं, असं त्याच्या मनात आलं. तेवढ्यात वरून शिळ्या मांसाचा घास उतरला. येसबा उठला आणि लढायला गेला. त्याला दुसरं काही येतच नव्हतं.

तात्पर्य : राजाचा रोग मुळापासून बरा करू नये. थोडा शिल्लक ठेवावा, म्हणजे प्रजा जगते.