रसूल नदाफला सक्ती हवी होती

जगातली सर्व चांगली कामे दोन कारणांनी झाली आहेत. एक म्हणजे कुणीतरी सक्ती केली. दुसऱ्या कारणाचा शोध अद्याप चालू आहे. कडेगावच्या रसूल नदाफला हे तत्त्व माहीत नव्हते. त्याला फक्त हर्निया होता.

रसूलचा धंदा गाद्या भरण्याचा. कापसाची डबल गादी एकट्याने उचलून टेम्पोत टाकणारा गडी, अशी त्याची पेठेत ख्याती होती, आणि ती ख्यातीच एके दिवशी पोटावर फुगवटा होऊन बाहेर आली. कराडच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले. त्याच्या बायकोने, साबेराने, लगेच विम्याचा विषय काढला. रसूलने तितक्याच लगेच धर्माचा काढला. विम्यात व्याज येते, जुगार येतो, तेव्हा मौलानांना विचारल्याशिवाय पुढची गोष्ट नको, असे त्याने जाहीर केले. (एरवी हा माणूस जुम्म्याच्या नमाजाला शेवटच्या रांगेत, चपलांच्या जवळ सापडायचा. पण सुरी पोटाजवळ आली की श्रद्धा वाढते, असा सर्वधर्मीय अनुभव आहे.)

खरे सांगायचे तर रसूल घाबरला होता. भूल दिली आणि जागच आली नाही तर, हा प्रश्न त्याला रात्रंदिवस छळत होता आणि तो कुणाला विचारायची लाज वाटत होती. विम्याचा प्रश्न मात्र चारचौघांत ताठ मानेने विचारता येत होता.

मौलाना अजीम यांनी तो शांतपणे ऐकला.

"विम्यात व्याज आणि अनिश्चितता असते, म्हणून बरेच उलेमा तो टाळायला सांगतात," ते म्हणाले. "लोकांनी एकमेकांच्या मदतीसाठी पैसा जमवला तर ती गोष्ट वेगळी. सरकार फुकट इलाज देत असेल तर मला हरकत दिसत नाही, खुशाल घे. कायद्यानं सक्ती असेल, जशी गाडीच्या विम्याची, तर माणसाचा नाइलाज. आणि खरीच अडचण असेल तर सगळी हकिगत घेऊन ये, मार्ग काढू. पण इलाज टाळू नकोस."

एवढ्या सगळ्यातून रसूलने एकच शब्द उचलला आणि घरी नेला. सक्ती.

तर्क बिनतोड होता. त्याच्या टेम्पोचा विमा दरवर्षी निघत होता, कारण कायद्याची सक्ती. घरात विमा असलेला जीव तो एकच, आणि त्याला चार चाके होती. म्हणजे रसूलवरही कुणी सक्ती केली की प्रश्न मिटला. आणि कुणी केली नाही, तर रसूलचा काय दोष?

तो प्रथम तहसील कचेरीत गेला. "साहेब, माझ्यावर सक्ती करा," त्याने विनंती केली. अर्जदाराच्या स्वतःच्या मागणीवरून सक्ती करण्याची तरतूद नाही, मागणी नसेल तेव्हा या, असे त्याला समजावण्यात आले. मग तो बँकेत गेला. कर्ज मागायला आलेल्याच्या गळ्यात विमा मारण्याबद्दल तिथल्या मॅनेजरांचा लौकिक होता. पण कर्ज नको, नुसती सक्ती हवी, असे म्हणणारा माणूस त्यांनी नोकरीत प्रथमच पाहिला. त्यांनी रसूलला पाणी पाजले आणि घरी कुणाला फोन करू, असे विचारले.

शेवटी शेजारचा जोतीराम कामाला आला. जोतीराम सैन्यातून निवृत्त झालेला हवालदार. आता त्याचा ऊस होता, पण ऊस ओरडून वाढत नाही याचे त्याला फार वाईट वाटे.

"रसूल्या!" त्याने अंगणातून हाक दिली, तशी चार घरांतली माणसे उभी राहिली. "इमा काढ! न्हाईतर!"

"न्हाईतर काय?" रसूलने अभ्यासूपणे विचारले.

"न्हाईतर बोलणार न्हाई तुझ्याशी."

"ते काय जमंना गड्या. तू गेल्या साली दोन म्हैनं बोलला न्हाईस, लय निवांत गेलं."

जोतीराम विचारात पडला. परंतु तेवढ्यात ज्या चार घरांतली माणसे उभी राहिली होती ती कुंपणाशी जमली होती. त्यांतल्या लालासाहेबांनी भीत भीत विचारले, "हवालदार, मला तंबाखूचा मावा सोडायची सक्ती करशील का? घरच्यांचं आयकत न्हाई मी."

अशा रीतीने कडेगावात सक्ती केंद्र सुरू झाले. सक्तीचे तीन प्रकार ठेवण्यात आले: सौम्य, मध्यम आणि फौजी. आलेल्यांपैकी निम्म्यांना तंबाखू सोडायची होती, पावभर लोकांना भावाशी बोलणे सुरू करायचे होते आणि उरलेले काय चाललेय ते बघायला आले होते. गावातल्या हरणाबाईंना मोतीबिंदूच्या ऑपरेशनची सक्ती करताच त्यांनी उलट जोतीरामलाच झापले. (ही परस्पर सक्ती धरण्यात आली. दोघांनाही गुण आला.) विट्याहून सोने-चांदी गाळणारा एक गलाईवाला खास आला, त्याला आईला फोन करायचा होता. गर्दी इतकी वाढली की खुद्द संस्थापक रसूलचा नंबर मागे पडत गेला. घरचा माणूस, त्याचे कधीही करता येईल, असे जोतीराम म्हणे. रसूल रांगा लावी, लोकांना चहा देई आणि आपला नंबर पुढे सरकला की कुणाला तरी मोठ्या मनाने देऊन टाकी. फुगवटा मात्र आपला नंबर कुणाला देत नव्हता.

एका मंगळवारी मौलाना अजीम रांगेत येऊन उभे राहिले. रसूलने चहाची किटली खाली ठेवली.

"मागून घेतलेली सक्ती ही सक्ती नव्हे रसूल," ते म्हणाले. "मी तुला सहा गोष्टी सांगितल्या, तू एकच ऐकलीस. फुकट इलाजाचं सांगितलं होतं ना?"

"त्या सरकारी योजनंत नाव हाय आमचं," मागून साबेराचा आवाज आला. तीही रांगेत होती. "ह्ये सक्ती हुडकत फिरत हुते तवाच घातलं म्या. दवाखानाबी ठरलाय. फकस्त ह्यांनी जायाचं बाकी हाय."

"मग तुमी रांगेत कशापायी, भाभी?" जोतीरामने विचारले.

"ह्यांच्यावर सक्ती करा. फौजीतली." मग ती रसूलकडे वळली. "आवं, भ्या वाटतंय तर तसं सांगा की. मलाबी वाटतंय. तुमच्याबिगर त्या गाद्या मी कुणासंगं शिवू?"

रसूलने पोटावरचा हात काढला आणि तोंड पुसले.

जोतीरामने मौलानांकडे पाहिले.

"ही चालेल," मौलाना म्हणाले. "ही त्यानं मागितलेली नाही."

जोतीरामचा पुढचा आवाज सोनहिरा ओढ्याच्या पलीकडे ऐकू गेला म्हणतात. रसूलला त्याच्याच टेम्पोत, त्याच्याच गादीवर आडवे करून कराडला नेण्यात आले. ऑपरेशन झाले. भूल उतरल्यावर त्याने पहिले वाक्य उच्चारले, "गाडी कुणी चालवली? गिअर वाजत हुता का?" साबेरा आधी रडली, मग खूप हसली. वाचकहो, तुम्हीही हसत असाल. हसा.

केंद्र अजून चालू आहे. मौलाना त्या दिवशी कशाला आले होते ते नंतर कळले. त्यांची दाढ वर्षभर ठणकत होती आणि ती काढायला त्यांनाही कुणीतरी ओरडायला हवे होते. तुम्ही जी तपासणी गेल्या दिवाळीपासून पुढच्या सोमवारवर ढकलता आहात, तिच्यासाठी कोणत्या प्रकारची सक्ती लागेल ते घरून ठरवून या. मौलानांच्या मागे जागा आहे.