हणमंतरावांचं मनगट

"और दो कड़ी निकालिए," मनगट काउंटरवर ठेवत हणमंतराव शेळक्यांनी फर्मावलं.

हजरतगंजमधल्या त्या गारेगार दुकानातला दुकानदार अदबीने वाकला. "अंकल, बुरा न मानें तो कहूँ, इतना ही ठीक बैठ रहा है."

"पापा, थोड़ा ढीला रहने दीजिए ना," जुईनेही सांगून पाहिलं.

"अगं, माझं मनगट मला माहीत नाही होय?"

जुई संध्याकाळच्या गाडीने नव्या नोकरीसाठी पुण्याला निघाली होती. जाण्याआधी पापांच्या हातावर एक दणकट घड्याळ बांधायचं, हे तिने केव्हाच ठरवलेलं. घड्याळ होतंही तसंच. पोलादी, जाडजूड, बॅटरीशिवाय चालणारं. मागच्या काचेतून आतली चक्रं फिरताना दिसायची. आपटा, बुडवा, काही होणार नाही म्हणे.

पण मनगटाची गोष्ट वेगळी होती. हणमंतराव हवाई दलाच्या बख्शी का तालाब इथल्या तळावर होते, तेव्हा त्यांच्या मनगटाची सगळ्या हँगरमध्ये ख्याती होती. विमानाच्या पोटात एखादा नट पडला आणि कुणाचाच हात आत जाईना, की हाक व्हायची, "शेळके को बुलाओ!" मग शेळके बाही सारून यायचे आणि अंधारातून नट काढून तळहातावर ठेवायचे. निवृत्तीनंतर पोट वाढलं, हनुवटी दुहेरी झाली, हे त्यांना मान्य होतं. मनगटाबद्दल मात्र ते ऐकून घेत नसत.

शेवटी दोन कड्या निघाल्या. श्वास रोखून त्यांनी खटका दाबला. टक्!

"बघ! जन्मल्यापासून हातात असल्यासारखं."

बाहेर ज्येष्ठातलं ऊन आग ओकत होतं. दोघांनी टोकरी चाट खाल्ली, वर दही मागून घेतलं, रिक्षासाठी उन्हात ताटकळले आणि घामाघूम होऊन वृंदावन योजनेतल्या घरी पोचले. तोवर हणमंतरावांचा हात फुगला होता. पट्टा मांसात रुतलेला, आणि खटक्याच्या दोन्ही बाजूंच्या दाबायच्या कळा आत कुठेतरी गडप झालेल्या.

"दुखतंय का?" दारातच कल्पनाबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"छे! जरा मुंग्या येताहेत."

तेल लावून झालं, साबण झाला. जुई बर्फाची बादली घेऊन आली, तसे हणमंतराव दचकले.

"पाण्यात चालेल ना हे?"

"पापा, तीन सौ मीटर गहराई तक चलेगी. यह बाल्टी है."

बर्फाने हात बधिर झाला, घड्याळ जागचं हललं नाही. मग जुईने मोबाइलवर वाचून सांगितलं की हात उंच धरला की सूज उतरते. हणमंतराव फाटकात जाऊन हात वर करून उभे राहिले. लगेच एक ई-रिक्षा करकचून थांबली.

"कहाँ चलेंगे, बाबूजी? चारबाग?"

तिला घालवेपर्यंत मागे दुसरी थांबली. समोरचे मिश्राजी आपल्याला बोलावलंय समजून धावत आले आणि हात बघून म्हणाले, "शेळके साहब, इसमें सोचना क्या? मेरे पास कटर है."

"घड़ी नहीं काटेंगे!" जुई किंचाळली.

"तो फिर..." मिश्राजींनी हणमंतरावांच्या हाताकडे पाहिलं. हणमंतरावांनी तो झटकन पाठीमागे नेला.

अखेर पदराला हात पुसत कल्पनाबाई आल्या. त्यांनी नवऱ्याला खुर्चीत बसवलं आणि त्याचा हात मांडीवर घेतला.

"मूठ सोडा."

"सोडलीय."

"कुठे सोडलीय? आपल्या लग्नात कासारीण बांगड्या भरताना नुसती गप्पा मारायची. हात घट्ट धरला की बांगडी फुटायची, म्हणून. तुम्ही बोला काहीतरी. तो नट सांगा, एअर शोच्या आदल्या दिवशीचा."

"तो शंभरदा ऐकलायस तू."

"अजून एकदा."

हणमंतराव सुरू झाले. थंडीचे दिवस, धुकं, सगळे अधिकारी घड्याळाकडे बघत उभे आणि आत कुठेतरी हरवलेला नट. सांगता सांगता त्यांचे डोळे मिटले. केरोसीनचा वास, पहाटेचा कडक चहा, कॉलनीत लागलेले रेडिओ, सगळं त्यांच्या भोवती गोळा झालं. "आणि मी हात घातला," ते हळूच म्हणाले, "तर बोटाला गार लागलं काहीतरी..."

टक्!

घड्याळ सुटलं. मनगटावर लाल वळ उठला होता. "जाड झालंय गं ते," हणमंतराव पहिल्यांदाच म्हणाले.

"होऊ दे. माझं कुठे बारीक राहिलंय?"

पण गाडीची वेळ झाली होती. साबणाने बुळबुळलेलं घड्याळ कल्पनाबाईंनी धुऊन पुसलं आणि ठेवायला कुठे हात मोकळा नाही म्हणून स्वतःच्याच मनगटात अडकवलं. बांगड्यांच्या वर ते असं चपखल बसलं, की जुई बॅग उचलता उचलता थांबली.

"मम्मी! यह तो आपके नाप की है!"

"चल, काहीतरीच. उद्या कड्या वाढवून आणू."

चारबाग स्टेशनवर गर्दीत उभ्या असताना त्यांनी तीनदा मनगट वळवून वेळ पाहिली. आयुष्यात त्यांनी कधी घड्याळ घातलं नव्हतं. बख्शी का तालाबला असताना विमानं परतल्याचा आवाज आला की त्या कणीक भिजवायला घ्यायच्या. नवरा कधी येईल, हे त्यांना आकाशच सांगायचं.

दुसऱ्या दिवशी ऊन फार होतं. तिसऱ्या दिवशी लोणचं घालायचं होतं. त्यानंतर जुईचा फोन आला, तेव्हा हणमंतरावांनी तक्रार केली की घड्याळ अजून दुकानात गेलेलं नाही.

"पापा, वह हाथ हिलने से चलती है. आप तो दिनभर कुर्सी पर बैठे रहते हैं, आपके पास बंद हो जाएगी."

हणमंतरावांनी फोन ठेवला. स्वयंपाकघरातून पोळपाटाचा आणि त्याच्या तालावर बांगड्यांचा आवाज येत होता. बराच वेळ ते ऐकत बसले. मग त्यांनी हाक मारली, "कल्पना, वाजले किती?"

लाटणं क्षणभर थांबलं.

"वेळ आहे अजून," आतून आवाज आला. "वाढलं की बोलावते. बसा."

हणमंतराव बसले.