आऊसाहेबांच्या लोखंडी तट्टूचे सीमोल्लंघन

श्री. चाकांस फिरण्याची आणि फिरत्या चाकांस वेळेवर थांबण्याची बुद्धी देणारा जो कोणी धनी असेल, त्यास आधी नमस्कार घालून हकीकत लिहिली ऐसीजे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, आश्विन मास, नवरात्र चालू असता, चार इमारती, एक फाटक आणि एक पाण्याची टाकी एवढ्या मुलखाचे जे राज्य, तेथील राजे श्रीरंगराव कामगिरीवर परमुलखी निघाले, आणि जोड्यांत पाय घालता घालता राणीसाहेब ऋजुताबाईंस म्हणाले, "त्या सायकलच्या ब्रेकच्या चकत्यांना तेल लागू देऊ नकोस हं. एक थेंबसुद्धा नाही." आणि राणीसाहेब ते समयी राजकन्येच्या डब्यातील खजूर फोडून आत बी राहिली नाही ना हे दुसऱ्यांदा पाहण्यात गुंतल्या होत्या, सबब "हो रे बाबा, मी काय त्यावर भजी तळणारे?" ऐसे म्हणून त्यांनी हात उडविला. मग राजे गेले, आणि तो इशाराही त्यांच्यामागे जिना उतरून गेला.

आता ही सायकल कोठून आली, तर राजांच्या मातोश्री आऊसाहेब मंदाकिनीबाई, साठी ओलांडलेल्या, सरकारी कचेरीत उमर घालवून निवृत्त जाहल्या, आणि त्याच महिन्यात राजकन्या रेवा जन्मास आली. आणि राणीसाहेब चाकरीवर जात, म्हणून आऊसाहेबांनी पाच वर्षे ती राजकन्या काखेस वागविली, तिचे दात, तिचे ताप, तिचे जेवणाच्या ताटावरील रुसवे सर्व सोसले, आणि स्वतःस काय हवे हे कधी उच्चारले नाही. मग यंदा राजकन्या मोठ्या शाळेत जाऊ लागली, आणि आऊसाहेब एके दिवशी पोळ्या लाटता लाटता, तोंड वर न करता म्हणाल्या, "मला सायकल हवी. टेकडीवर जायला. उज्ज्वलाचा कंपू जातो दर रविवारी." राजे हसले नाहीत, हे त्यांचे थोरपण. माहेरी असता आऊसाहेबांनी भावाची सायकल मधल्या दांडीखालून पाय घालून चालविली होती, त्यानंतर अवघे आयुष्य बस. गियर कशाशी खातात हे ठाऊक नाही. ऐशा नवशिक्या स्वारास काय द्यावे याचा विचार करून राजांनी खडकाळ वाटेच्या म्हणून ज्या सायकली विकतात त्यांतील अगदी पहिल्या पायरीचे, जाड टायरांचे, करड्या रंगाचे, वजनास भारी ऐसे लोखंडी तट्टू मागविले, आणि पसंत न पडल्यास कोजागरीपर्यंत परत करू ऐसा करार व्यापाऱ्याशी केला, आणि पारख करण्याची मुखत्यारी राणीसाहेबांकडे सोपविली.

राणीसाहेब शिकलेल्या, हुशार, परंतु काळजीच्या बाबतीत त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. गॅस बंद केला की नाही हे जिन्यावरून परत येऊन पाहावे, राजकन्या झोपली तर नाकाशी बोट धरून श्वास पाहावा, आणि अलीकडे आऊसाहेबांच्या वाटीतील खजूरही फोडून पाहावा, ऐसा त्यांचा शिरस्ता पडला होता. मग त्यांनी तट्टूची पारख आरंभिली. आऊसाहेबांस मधल्या दांडीच्या दोहों बाजूंस पाय टाकून उभे करून दोन्ही टाचा जमिनीस टेकतात हे पाहिले, ब्रेकच्या मुठीपर्यंत त्यांची आखूड बोटे पोहोचतात हे पाहिले, पुढचा चिमटा दाबून आतील स्प्रिंग वरखाली होते हे पाहिले, आणि खोगीर म्हणाल तर दगड. "आई, हे टोचेल हो." "अगं, तीस वर्षे कचेरीच्या लाकडी खुर्चीवर बसले, मला काय टोचतंय!" ऐसा संवाद चालू असता पलीकडच्या इमारतीतील सुमेधराव आले, ज्यांच्यापाशी मोटारीच्या किमतीचा हलका विलायती घोडा होता आणि जो ते बहुतकरून पुसत असत. ते कमरेवर हात ठेवून म्हणाले, "वहिनी, हे काय आणलंत? हे लोखंड आहे लोखंड. समोरची स्प्रिंग शोभेची, गियर बदलताना खडखडाट, ब्रेक तारेवरचे. तीन महिन्यांत काकू कंटाळणार. दुप्पट घाला, पण चांगलं घ्या." आणि राणीसाहेबांनी व्यापाऱ्याच्या करारातील परतीची मुदत काढून दुसऱ्यांदा वाचली.

मग दसऱ्याचा दिवस उगवला. शस्त्रे, वाहने यांची पूजा करून सायंकाळी सीमा ओलांडावी हा रिवाज, आणि आऊसाहेबांचा मनसुबा ऐसा की त्याच सायंकाळी तट्टूवर बसून फाटकाबाहेर पडावे, आणि रविवारी टेकडी सर करावी. सबब सकाळी तट्टूस झेंडूची माळ घातली, मुठीस लिंबू-मिरची बांधली, आणि राणीसाहेबांनी समईतील तेलात कुंकू कालविले. आऊसाहेबांनी निरांजन धरले. मग राणीसाहेब टिळा कोठे लावावा हे शोधू लागल्या, तो चाकांच्या मधोमध त्या दोन पोलादी चकत्या देव्हाऱ्यातील तबकासारख्या लखलखत होत्या, आणि हेच मानाचे ठिकाण ऐसे वाटून त्यांनी पुढच्या चकतीस पाच बोटे ओढली, आणि मागचीस वाईट वाटू नये म्हणून तीसही पाच ओढली, आणि मनात म्हणाल्या, देवा, माझ्या सासूला सांभाळ. राजकन्येने टाळ्या वाजविल्या आणि चाक गरगर फिरविले.

सायंकाळी आऊसाहेब लेकाने आणलेली ट्रॅकपँट आयुष्यात प्रथम चढवून, वर कुडता घालून, ओढणी सुनेच्या हुकुमावरून घरी ठेवून, पिवळे शिरस्त्राण लेऊन खाली आल्या. वाहनतळाच्या उतारावर स्वारी सुरू जाहली, राणीसाहेब खोगीर धरून मागे धावताहेत, आणि आऊसाहेब "सोड गं, सोड आता" म्हणतात, आणि राणीसाहेब सोडीत नाहीत. मग खोगीर हातून सुटले. आणि आऊसाहेबांनी दोन्ही ब्रेक दाबले, तो तट्टूने अवघ्या राज्यास ऐकू जाईल ऐसी किंकाळी फोडिली, आणि थांबेना! उतार संपेपर्यंत थांबेना. शेवटी फाटकावरील पहारेकऱ्याच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर जाऊन आदळले. पहारेकरी उठून चहास गेला होता, सबब बचावला. आऊसाहेबांचे कोपर खरचटले, इतकेच, आणि त्या जमिनीवर बसल्या बसल्या हसत होत्या. परंतु राणीसाहेब धावत येऊन त्यांचे कोपर, गुडघे, मनगटे चाचपू लागल्या. सुमेधराव गच्चीवरून ओरडले, "बघा! म्हटलं नव्हतं? ब्रेकच नाहीत त्याला!" मग राणीसाहेबांनी तेथल्या तेथे निवाडा दिला, की हे तट्टू नवशिक्यास लायक नाही, उद्याच खोक्यात भरून परत रवाना करावे, आणि चांगले मिळेतो कोणी टेकडीचे नाव काढू नये. "चांगलं म्हणजे कधी गं?" आऊसाहेबांनी विचारले. "बघू ना आई. संक्रांतीनंतर. गुडघ्याचं एकदा दाखवून घेऊ डॉक्टरांना, मग." आऊसाहेबांनी हसणे थांबविले, आणि "बरं" म्हणून वर गेल्या, आणि ती ट्रॅकपँट घडी करून कपाटात, हिवाळी शालींच्या खाली ठेवली.

दुसरे दिवशी राणीसाहेब सज्जात खोके उघडून बसल्या, आणि राजांच्या हत्यारांनी पुढचे चाक काढले, तो चकतीस दोहों बाजूंनी धरणाऱ्या ब्रेकच्या पॅडांवर लालसर ओल दिसली. बोट लावून पाहिले, चिकट. वास घेतला, तो समईचा. मग मागचे पाहिले, तेथेही तेच. आणि जिन्यावरून उतरून गेलेला तो इशारा ऐन दुपारी परत वर चढून आला आणि दारात उभा राहिला. एक थेंबसुद्धा नाही, म्हणाले होते, आणि येथे दहा बोटे ओढली होती, आणि त्यावर चाक फिरवून ते तेल पॅडांच्या पोटापर्यंत पोहोचविले होते. तट्टूचा काही अपराध नव्हता. राणीसाहेबांनी बोट ओढणीस पुसले. आणि येथे एक गोष्ट लपवू नये. त्यांच्या मनात ऐसे आले की हे कोणास ठाऊक आहे? खोके बंद करावे, चिकटपट्टी लावावी, तट्टू जाईल, आऊसाहेब घरी सुखरूप राहतील, काळजी मिटेल, आणि दोष त्या लोखंडाचा. चिकटपट्टी हाती घेतली देखील.

तो स्वयंपाकघरातून आऊसाहेबांचा फोनवरील आवाज आला: "नाही गं उज्ज्वला, या रविवारी नाही जमायचं. नाही नाही, सायकल छान आहे. ऋजू कशाला नको म्हणेल? तीच तर माझ्यामागे धावत होती. माझंच... रेवाची चित्रकला असते ना सकाळी, तिला कोण सोडणार. हो. पुढे बघू." आणि रेवाची चित्रकला शनिवारी असे, हे राणीसाहेबांस ठाऊक होते, आणि आऊसाहेबांसही. सुनेवर बोल येऊ नये म्हणून त्या माउलीने नातीची चित्रकला एक दिवस पुढे ढकलिली होती. मग राणीसाहेबांनी चिकटपट्टी खाली ठेवली, आणि राजांस फोन लावला.

"मी काय म्हणालो होतो?" राजे म्हणाले.

"म्हणाला होतास. पुढे बोल."

"भजी तळलीस?"

"श्रीरंग, मी रडेन हं आता. पुढे बोल."

मग राजांनी थट्टा आवरून तजवीज सांगितली, की चकत्या औषधाच्या स्पिरिटने पुसाव्या, कापसावर रंग उमटेनासा होईतो पुसाव्या, पॅड काढून पॉलिशपेपरवर घासावे, आणि इतके करून धरत नाहीत ऐसे दिसल्यास नवे पॅड घालावे, ते काही मोठे प्रकरण नव्हे, पण धरतात याची खात्री झाल्याविना आईस बसवू नये. राणीसाहेबांनी तैसेच केले, आणि प्रथमोपचाराच्या पेटीतील अवघा कापूस खर्ची पडला. मग चाक बसविले, तट्टू खाली नेले, ओढणी कमरेस गच्च बांधली, आणि आधी स्वतः वर बसल्या. राजकन्या जन्मल्यापासून त्या दुचाकीवर मागेच बसत असत, आणि तेही राजांचा शर्ट मुठीत धरून. उतारावर तट्टू सोडले, आणि ब्रेक दाबला. किंचित कुरकुरले, आणि थांबले. पुन्हा वर नेले, पुन्हा सोडले, जोरात दाबला, थांबले. मग मागचा निराळा, पुढचा निराळा तपासला. खात्री तेथे जाहली होती. तरी राणीसाहेब आणखी एकदा वर गेल्या आणि खाली आल्या, आणि तो फेरा पारखीचा नव्हता, कारण येताना त्या मोठ्याने हसत होत्या. गियर हलका केला तो चढही चढला, जड केला तो सपाटीवर धावले. खडखडाट होता, वजन होते, खोगीर दगडच होते. परंतु ज्याचे पाय टेकतात, ज्याचा ब्रेक धरतो, आणि ज्यास टेकडीची मळलेली मातीची वाटच चढायची आहे, कड्यावरून उड्या घालायच्या नाहीत, त्यास याहून काय हवे, हे राणीसाहेबांस आता स्वतःच्या अंगाने उमगले.

मग वर जाऊन त्यांनी आऊसाहेबांसमोर सर्व कबूल केले, दहा बोटांसह आणि चिकटपट्टीसह. आऊसाहेब मेथी निवडीत होत्या. त्यांनी चिकटपट्टीचे ऐकून न ऐकल्यासारखे केले, आणि म्हणाल्या, "तेल कुणाच्या समईतलं? माझ्या. निरांजन कुणी धरलं? मी. मला तरी कुठे सुचलं! निम्मा गुन्हा माझा, आता चहा टाक." "पण आई, तुम्ही पडला असतात." "पडलेच की. आणि रेवाला चालायला शिकवलं तेव्हा ती किती वेळा पडली, तुला कुठे ठाऊक आहे? मी सांगितलंच नाही कधी. तू ऑफिसात घाबरली असतीस." हे ऐकून राणीसाहेब हसावे की रडावे या पेचात पडल्या, आणि चहा उतू गेला.

मग रविवार आला. आऊसाहेब शालींखालून ट्रॅकपँट काढून, खोगिरावर राणीसाहेबांनी रात्रीतून शिवलेली जुन्या गोधडीची मऊ गादी चढवून, फाटकापाशी आल्या. सुमेधराव घोडा पुसत होते. म्हणाले, "काकू, ठीक आहे, पण वर्षभरात ही तुम्हाला अपुरी पडेल बघा." आऊसाहेब म्हणाल्या, "पडू दे की रे. मला सायकल अपुरी पडेल इतकी मी पुढे गेले, तर पहिला पेढा तुला. तोवर तू पूस." आणि पहारेकरी खुर्ची उचलून आदबीने बाजूस उभा राहिला, आणि राजकन्येने आपट्याचे वाळले पान आजीच्या मुठीत दिले, आणि आऊसाहेबांनी दसरा उलटून गेल्यावर सीमोल्लंघन केले. राणीसाहेब खोगीर धरून फाटकापर्यंत धावल्या. तेथे "सोड गं" म्हणण्याआधीच त्यांनी सोडले.

तात्पर्य इतके की पहिल्या पायरीचे तट्टू पहिल्या पायरीच्या स्वारास पुरे आहे. ते ठेवून घेतले. व्यापाऱ्याचे खोके राजकन्येने राजवाडा म्हणून वापरास घेतले. आणि त्या राज्यात यापुढे वाहनाचा टिळा मुठीस लावावा, चकतीस लावू नये, ऐसा कायदा जाहला. आणि राणीसाहेबांची वाचणाऱ्यांस एक विनंती आहे. त्या फाटकापाशी उभ्या आहेत, आणि फोन करणार नाही ऐसे वचन देऊन बसल्या आहेत. सबब आपणांपैकी कोणी रविवारी सकाळी टेकडीकडे गेलात, आणि दुसऱ्या वळणापुढे करड्या सायकलवर, गोधडीच्या गादीवर, पिवळ्या शिरस्त्राणाची एक बाई दिसली, तर हनुवटीखालचा पट्टा लावला आहे का तेवढे पाहावे, पाणी प्यायल्या का विचारावे, दमल्या असल्या तर थोडे शेजारी थांबावे. आणि कोणी पाठविले हे मात्र सांगू नये.