पगारी झोप

गाद्यांच्या त्या दुकानात सगळ्यात भारी गादीवर, सगळ्यात भर दुपारी तिथले विक्रेते डुलकीराव घोरत होते. खरं तर ते बसले होते चादरीची सुरकुती काढायला. मालक शेजारी उभं राहून त्यांना नव्या स्प्रिंगांची माहिती देत होते. ती कुठपर्यंत आली, हे डुलकीरावांना ठाऊक नाही.

मालकांचा मात्र पारा चढला. "पुन्हा झोपलात तर कायमचे घरी झोपा, असं बजावलं होतं की नाही? उठा!"

"श्श!" मागून एक आजीबाई दटावत म्हणाल्या. "बिचाऱ्याला काय गाढ झोप लागलीये! मला रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही हो. ही गादी केवढ्याला?"

त्यांनी गादी घेतली. त्यांच्या मागच्या जोडप्यानंही तीच घेतली. मालक ओरडायचे ते तोंड उघडं ठेवून बघतच राहिले, आणि संध्याकाळी डुलकीरावांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "माणसाच्या अंगातला गुण हेरता आला पाहिजे. उद्यापासून तुम्ही विक्री करायची नाही. समोरच्या काचेमागे, लोकांना दिसेल असं झोपायचं."

ही बातमी घरी पोचली आणि बायकोची छाती अभिमानानं फुगली. लग्न झाल्यापासून तिची आई म्हणत आली होती, "जावईबापू नुसत्या झोपा काढतात!" आता बायकोनं आपणहून आईला फोन लावला.

"आई, हे दुकानात झोपा काढतात!"

"ते मला आधीपासूनच माहितीये."

"अगं, पगारी! मालकांनी मुद्दाम नेमलंय. उद्या ये बघायला."

तिनं नवऱ्याच्या पायजम्याला कडक इस्त्री केली. उशीचा अभ्रा नवा घातला. डुलकीरावांना जन्मात पहिल्यांदा नोकरीचं दडपण आलं, आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

दुसऱ्या दिवशी काचेबाहेर ही गर्दी! सासूबाई सगळ्यात पुढे, खुर्ची टाकून. डुलकीराव आडवे झाले, डोळे मिटले आणि टक्क जागे राहिले. कूस बदलली. गरम दूध पिऊन पाहिलं. मालकांनी तळपायाला तेलसुद्धा चोळलं, तर गुदगुल्या होऊन ते खिदळत उठून बसले.

"जागेच आहेत की हो," एक गृहस्थ म्हणाले. "टोचत असणार गादी."

"चला, दुसरीकडे बघू," कोणीतरी म्हणालं, आणि गर्दी पांगायला लागली.

मालकांचा चेहरा पडला. "डुलकीराव, मी तुम्हाला ओळखण्यात चुकलो. झोपेतही तुम्ही कामाचे नाही. उद्यापासून येऊ नका."

सासूबाईंनी लेकीकडे पाहिलं. त्यांनी नुसती मान हलवली, आणि तेच बायकोला फार लागलं. ती पदर खोचून आत शिरली.

"थांबा हो मालक! काल यांना झोप लागली, तेव्हा इथं नेमकं काय चाललं होतं?"

"काही नाही. मी स्प्रिंगांची माहिती देत होतो."

"मग द्या की!"

मालकांनी नाइलाजानं स्टूल ओढलं आणि घसा साफ केला. "तर असं आहे बघा, स्प्रिंग म्हटली की आधी तार आली. आता तार म्हणजे काय, तर..."

तारेचं पुढं काय झालं, ते डुलकीरावांना याही वेळी कळलं नाही. असा काही घोरण्याचा सूर लागला की काच थरथरली. पांगलेली माणसं माघारी फिरून आत आली. मालकांना हुरूप आला आणि ते तारेवरून पोलादावर गेले. गादी टोचते म्हणणारे गृहस्थ जांभई देत शेजारच्या गादीवर कलंडले. आत ओढून आणलेल्या खुर्चीतच सासूबाईंची मान छातीवर आली.

मालक गोंधळून थांबले. "हे काय? मी बोलायला लागलो की घरीसुद्धा हे असंच होतं."

"थांबू नका हो," बायको डोळे जडावलेले असतानाच कुजबुजली. "देणगी आहे तुमची ही!"

मालकांनी स्टूल आणखी पुढं ओढलं. त्यांच्या बोलण्याचं आजवर कोणी चीज केलं नव्हतं. पोलादाचा कारखाना संपेपर्यंत ते ताठ मानेनं बोलत राहिले.

सासूबाई जाग्या झाल्या, तेव्हा गादी टोचते म्हणणारे गृहस्थ डोळे चोळत मालकांना विचारत होते, "दोन गाद्या द्या. आणि तुम्ही स्वतः घरपोच मिळाल का?"

"ते नंतर बघा," सासूबाई ठसक्यात म्हणाल्या. "आधी हळू बोला. आमचे जावई कामात आहेत."