सबनीसकाकांचा वरचा पंख

सबनीसकाकांच्या घरी मे महिन्यातही पंखा लागत नाही. नौपाड्याच्या त्या उकाड्यात पाहुणा घामाने निथळत असतो आणि काका म्हणतात, "वारा नको. सामान उडेल." सामान म्हणजे काय, तर शेवयांसारख्या बारीक लाकडी काड्या! मी शेजारीण, त्यामुळे जाताना रुमाल घेऊनच जाते.

काका विमानं करतात, टेबलावर मावणारी. सध्याचं तर अगदी खास. महायुद्धात कुठल्याशा कारखान्याने वर-खाली पंखांचं एक लढाऊ विमान नमुना म्हणून बनवलं. सरकारने पाहिलं आणि नको म्हटलं. "एकच झालं हो! दुसरं कुणी मागितलंच नाही," हे काका दूधवाल्यालाही सांगतात. तोही बिचारा "अरेरे" म्हणतो. मी एकदा विचारलं, "एखादं नावाजलेलं विमान का नाही करत?" तर म्हणाले, "त्यांची विचारपूस करणारे पुष्कळ आहेत."

सोसायटीने गणपतीच्या आराशीसाठी ते मागितलं, तेव्हा काकांनी अध्यक्षांना विचारलं, "तुमचा मुलगा देता का मखरात बसवायला?" विषय संपला.

पण काकू गेल्यापासून विमानाचा वरचा पंख कपाटावर पडून होता. मला वाटायचं, आळस. परवा डबा द्यायला गेले, तर काका दोन्ही हातांत पंख धरून अवघडून उभे. खालच्या साऱ्या काड्या एकदम जागेवर बसाव्या लागतात आणि एका माणसाचे हात पुरत नाहीत. आजवर प्रत्येक पंख काकूंनी धरला होता. इतक्या दिवसांत "जरा हात लाव गं" एवढं म्हणणं काकांना जमलं नव्हतं.

"मी धरते," म्हटलं.

काकांनी काड्यांच्या टोकांना डिंक लावला आणि पंखाची एक बाजू माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "हलायचं नाही हं. डिंक वाळेपर्यंत, म्हणजे अकरा ते तीस पाढे होईपर्यंत."

"पाढे?"

"हिची पद्धत. शाळेतली सवय. घड्याळाकडे मान वळवली की पंख वाकडा झालाच."

म्हटले पाढे! जन्म कॅल्क्युलेटरवर काढलेली मी एकोणिसाला अडखळले आणि एकोणतिसाला सपशेल आपटले.

"एकोणतीस साते..."

"दोनशे तीन," काका म्हणाले. "तिचं कधी अडायचं नाही." आणि पुढचे पाढे तेही माझ्याबरोबर पुटपुटू लागले.

तीस दाहे तीनशे झाले. काकांनी चष्मा पुसायला हात काढले. मीही हळूच बोटं सोडली. पंख जागचा हलला नाही.

"वाळलं, काका."

"हो, वाळलं." ते चष्मा पुसतच राहिले. "पुन्हा एकदा म्हणतेस? घरात बरं वाटलं गं ऐकायला."

मी पंखाला परत बोटं लावली आणि अकरापासून सुरुवात केली.